जिन्जात पाऊल टाकण्यापूर्वी: शिंतो देवस्थान कसं पाहावं आणि तिथे कसं वागावं

जपानमध्ये नव्यानं राहायला आलेला मराठी माणूस पहिल्यांदा जिन्जात, म्हणजे शिंतो देवस्थानात, जातो तेव्हा त्याचे डोळे मूर्ती शोधतात. पैशांची पेटी दिसते, घंटा दिसते, हात जोडून उभी माणसं दिसतात. पुढे मात्र पडदा, थोडा अंधार, फार तर एखादा आरसा. त्यामागची मुख्य इमारत कुंपणाआड असते आणि तिथे जायला वाट नसते. चार फोटो काढून माणूस बाहेर पडतो आणि ‘आत काही नव्हतंच’ असं सांगतो.

शिंतो या जपानच्या मूळ धर्मपरंपरेत देव दाखवायचा नसतो. देवाचं अधिष्ठान, म्हणजे शिन्ताई, आरसा, तलवार किंवा रत्न अशा रूपात असतं. ते बंद दाराआड ठेवलेलं असतं आणि भाविकांना ते कधीच दिसत नाही. नारा प्रांतातल्या ओमिवा जिन्जात तर मुख्य गाभारा बांधलेलाच नाही, कारण मागचा मिवा डोंगर हाच तिथला देव. म्हणून इथली सगळी वास्तुकला त्या न दिसणाऱ्या जागेपर्यंत नेणाऱ्या वाटेवर उभी आहे. जिन्जा पाहायचं असेल तर ती वाट क्रमानं चाला आणि प्रत्येक टप्प्यावर काय बदललं ते ओळखा.

सरावासाठी टोकियोतलं मेइजी जिंगू उत्तम. हाराजुकू स्टेशनातून बाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांत पहिली तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, येते, प्रवेश फुकट आहे आणि सगळे टप्पे योग्य क्रमानं लागतात. दरवाजे सूर्योदयाला उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात आणि वेळा दर महिन्याला बदलतात. हिवाळ्यात दुपारी चारनंतर गेलात तर हिरमोड होईल. सकाळी आठच्या आत जा. गर्दी नसते आणि वाटेवरच्या खडीचा आवाज ऐकू येतो.

आधी खात्री करा: हे जिन्जा की बौद्ध मंदिर?

नावाच्या शेवटी जिन्जा, जिंगू, ताइशा किंवा गू असेल तर ते शिंतो देवस्थान. जी, इन किंवा देरा असेल तर बौद्ध मंदिर. हा फरक कळायलाच हवा, कारण जिन्जात टाळ्या वाजवतात आणि बौद्ध मंदिरात वाजवत नाहीत, तिथे फक्त हात जोडतात. आसाकुसाला याचा सराव छान होतो. सेन्सोजी हे बौद्ध मंदिर आणि त्याच्या उजव्या हाताला लागूनच आसाकुसा जिन्जा. पन्नास-साठ पावलांत रीत बदलते, आणि बहुतेक पर्यटक दोन्हीकडे टाळ्या वाजवतात.

नुसत्या तोरीवर भरवसा ठेवू नका. तोयोकावा इनारी, आइचीतलं मूळ आणि टोकियोत आकासाकाला असलेली त्याची शाखा, तोरी आणि कोल्ह्यांचे पुतळे असूनही सोतो झेन पंथाचं बौद्ध मंदिर आहे. ही सरमिसळ हजार वर्षांहून जुनी आहे. १८६८मध्ये मेइजी सरकारनं शिंतो आणि बौद्ध स्थळं वेगळी करायचा हुकूम काढला आणि त्यात अनेक ठिकाणी मूर्ती, घंटा, पोथ्या नष्ट झाल्या, पण सगळे धागे तुटले नाहीत. कामाकुराच्या झेनीआराइ बेन्झाइतेनमध्ये लोक झऱ्याच्या पाण्यात टोपलीतून नाणी-नोटा धुतात. ही बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे गेलेली सरस्वती. तिथे तोरीखालूनच आत जावं लागतं.

तोरी: हद्द कुठे सुरू होते

तोरीला दार नसतं आणि बाजूनं भिंतही नसते. ती फक्त सांगते की इथून पुढे देवाची जागा. तिचे भाग चारच ओळखा: दोन खांब, सगळ्यात वरची आडवी तुळई (कासागी), तिला खालून चिकटलेली दुसरी (शिमाकी) आणि थोडी खाली खांबांतून आरपार जाणारी पट्टी (नुकी). शिमाकी आणि नुकीच्या मध्ये नावाची पाटी लटकते.

प्रकार बरेच आहेत, पण नवख्याला दोन पुरतात. वरची तुळई सरळ, खांब उभे आणि नुकी खांबांबाहेर न आलेली असेल तर ती शिनमेइ घराण्यातली. जुनी, साधी, बहुधा न रंगवलेली. तुळईची टोकं वर उचललेली, खांब आत कललेले आणि नुकीची टोकं बाहेर आलेली असतील तर म्योजिन. बहुतेक ठिकाणी हीच दिसते. मेइजी जिंगूची मोठी तोरी म्योजिन आहे: उंची १२ मीटर, रुंदी १७.१ मीटर, खांबांचा व्यास १.२ मीटर. मूळ तोरी १९६६मध्ये वीज पडून खराब झाली. तेवढं जाड लाकूड जपानमध्ये मिळेना, म्हणून तैवानच्या डोंगरातून दीड हजार वर्षांहून जुन्या सायप्रसचे ओंडके आणून १९७५मध्ये नवी उभी केली. जवळ जाऊन खांबावरचे लाकडाचे रेषे पाहा. रंग नसल्यामुळे ते स्पष्ट दिसतात.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा जिन्जाची समुद्रातली तोरी तिसऱ्या प्रकारची. मुख्य खांबांना पुढे-मागे चार छोटे आधारखांब आहेत. आत्ताची तोरी १८७५ची, कापराच्या झाडाच्या खोडांची, साधारण १६ मीटर उंच. तिचे खांब जमिनीत पुरलेलेच नाहीत. ती स्वतःच्या सुमारे ६० टन वजनावर उभी आहे, आणि वजन वाढावं म्हणून वरची तुळई पेटीसारखी पोकळ ठेवून आत मुठीएवढे दगड भरले आहेत. ओहोटीला चालत पायथ्याशी जाता येतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवा, नाहीतर दोन्हींपैकी एकच रूप दिसेल.

तोरी लाकडाची असेल तर ती सर्वांत आधी कुजते ती जमिनीलगत, जिथे पाणी साचतं आणि बुरशी धरते. क्योतोच्या फुशिमी इनारीत हजारो शेंदरी तोरी एकापाठोपाठ उभ्या आहेत. तिथे खांबांचा खालचा काळा भाग निरखून पाहा: काही नवे, काही ठिगळ लावलेले, मध्येच एखादी रिकामी जागा. प्रत्येक तोरी कुणीतरी अर्पण केलेली असते. वर चढताना नाव दिसत नाही. वळून मागं पाहिलं की खांबांच्या मागच्या बाजूला देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली दिसते. कित्येक नावं कंपन्यांची आहेत, कारण इनारी मुळात भाताचा देव आणि पुढे व्यापाराचाही झाला. हे देवस्थान चोवीस तास उघडं असतं. पूर्ण डोंगर फिरायला दोन तास धरा. योत्सुत्सुजी या चौकापर्यंत गर्दी असते, पुढे ओसरते.

तोरीपाशी करायचं इतकंच: थांबा, टोपी काढा, मान थोडी लववा आणि एका कडेनं आत जा. मधली रेषा देवाच्या जाण्या-येण्याची मानतात. बाहेर पडल्यावर वळून पुन्हा एकदा मान लववा. चपला-बूट काढायचे नाहीत. आपल्या सवयीनं पाय बूट काढायला थांबतात, पण आवारात सगळे बूट घालूनच असतात. बूट काढायची वेळ इमारतीच्या आत बसून पूजा करायची असेल तरच येते.

वाट आणि वन

तोरीपासून पूजास्थानापर्यंतच्या वाटेला सांदो म्हणतात. मेइजी जिंगूत ती खडीची आहे, उंच टाचांचे बूट रुततात, बाबागाडी ढकलायला जोर लागतो. वाटेत उजवीकडे साकेची (तांदळाच्या दारूची) पिंपं रचलेली दिसतात आणि समोर डावीकडे फ्रान्सच्या बर्गंडीतून आलेली वाइनची पिंपं. दोन्ही अर्पण केलेली. ती वाइन ज्यांच्या नावानं हे देवस्थान आहे त्या सम्राट मेइजींच्या पाश्चात्त्य खाण्यापिण्याच्या आवडीची आठवण म्हणून येते.

इथलं खरं बांधकाम म्हणजे ही झाडी. १९१५मध्ये काम सुरू झालं तेव्हा इथे बरीचशी मोकळी गवताळ जमीन होती. सम्राट मेइजी १९१२मध्ये वारले, सम्राज्ञी शोकेन १९१४मध्ये, आणि दोघांचं देवस्थान उभारायचं ठरलं. देशभरातून सुमारे १ लाख झाडं भेट म्हणून आली आणि तरुण स्वयंसेवकांनी ती लावली. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना निक्कोसारखं देवदारी सुगी झाडांचं भारदस्त वन हवं होतं. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू यांनी ठाम विरोध केला: टोकियोची कोरडी जमीन आणि धूर सुगीला मानवणार नाही. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दीडशे वर्षांचा आराखडा केला. सुरुवातीला उंच पाइन दिसतील, त्यांच्या सावलीत ओक, शी (ओकच्याच कुळातलं एक झाड) आणि कापूर ही सदाहरित रुंदपानी झाडं वाढतील, मग पाइन आपोआप मागे पडतील आणि वन स्वतःच्या बियांतून नवं होत राहील. तसंच झालं, तेही अंदाजापेक्षा लवकर. म्हणून इथे नियम कडक: झाड तोडायचं नाही, लावायचं नाही, पान बाहेर न्यायचं नाही. मोठा झाडू घेतलेले कर्मचारी वाटेवरची पानं गोळा करून पुन्हा झाडीत टाकतात.

गावोगावच्या जिन्जांभोवतीही अशी राई असते, तिला चिंजु नो मोरी म्हणतात. कोकणातली देवराई पाहिलेल्याला ती लगेच ओळखू येईल. १९०६नंतर सरकारनं खेड्यांतली जिन्जा एकत्र करायची मोहीम काढली तेव्हा अशा हजारो राया तुटल्या. निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसू यांनी त्याविरुद्ध मोठा लढा दिला.

एखाद्या झाडाला किंवा खडकाला जाड दोर बांधलेला आणि त्यावर नागमोडी घडीचे पांढरे कागद लटकलेले दिसले तर तो शिमेनावा. तिथे देवाचा वास मानतात. त्याला टेकू नका, मुलांना चढू देऊ नका. मेइजी जिंगूच्या चौकात दोन कापूरवृक्षांना मिळून असा एक दोर बांधला आहे. त्यांना नवरा-बायको मानतात.

हात आणि तोंड धुणं

वाटेच्या शेवटी छपराखाली दगडी कुंड असतं, ते चोझुया. इथे गडबड सर्वांत जास्त होते, म्हणून नीट क्रमानं सांगतो. एकदाच पळी भरायची आणि तेवढ्याच पाण्यात सगळं करायचं.

१. पळी उजव्या हातात घ्या, भरा आणि डाव्या हातावर थोडं पाणी ओता.
२. पळी डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवा.
३. पुन्हा उजव्या हातात घ्या, डाव्या तळव्याच्या ओंजळीत पाणी घेऊन तोंड खळखळा. पळीला ओठ लावू नका. पाणी कुंडाबाहेरच्या खडीत, तोंडावर हात धरून, हळूच टाका.
४. डाव्या हातावर परत थोडं पाणी ओता.
५. पळी उभी धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून खाली ओघळेल आणि तुमच्या हाताची जागा धुतली जाईल. मग ती पालथी ठेवा.

पहिल्याच पायरीला निम्मं पाणी संपवलं तर पाचव्याला काही उरत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना अगदी थोडं ओता. २०२०च्या साथीनंतर अनेक ठिकाणी पळ्या काढून बांबूच्या नळीतून पाणी सोडलं आहे. तिथे फक्त हात धुतले तरी चालतं. कुंडात फुलं तरंगत असतील तर ती सजावट, त्यात हात घालायचा नसतो. रुमाल खिशात हवाच, तिथे पुसायला काही नसतं.

हाइदेनसमोर

आता जी इमारत समोर येते ती हाइदेन, म्हणजे भाविकांची पूजाशाळा. बहुतेक लोक तिलाच देवघर समजतात. देवाची इमारत, होन्देन, तिच्या मागे असते. दोन्हींच्या मध्ये कधी नैवेद्याची जागा असते, तिला हेइदेन म्हणतात. वाटेवर दोन्ही बाजूंना सिंहासारखे कोमाइनु असतील तर त्यांची तोंडं पाहा: एकाचं उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. इनारीच्या देवस्थानात त्यांच्या जागी कोल्हे असतात, तोंडात किल्ली, रत्न, भाताची लोंबी किंवा गुंडाळी धरलेले.

पूजेची रीत अशी. पेटीसमोर मान लववा, नाणं हळूच सोडा, भिरकावू नका. रक्कम कितीही, पाच येनचं नाणं शुभ मानतात म्हणून लोक ते जपून ठेवतात. घंटेचा दोर असेल तर एकदा हलवा. मग कमरेतून खोल वाकून दोनदा नमस्कार. हात छातीसमोर जुळवा, उजवा तळवा बोटाच्या एका पेरानं खाली सरकवा आणि दोन टाळ्या वाजवा. बोटं पुन्हा जुळवून मनातल्या मनात आपलं नाव आणि पत्ता सांगा, आभार माना, मग मागणं. शेवटी एकदा खोल नमस्कार आणि बाजूला व्हा. पश्चिम जपानमधल्या इझुमो ताइशात आणि क्यूशूतल्या उसा जिंगूत टाळ्या चार असतात.

हार, नारळ, अगरबत्ती, पेढे काही नेऊ नका. ते ठेवायला जागा नसते आणि तिथल्या लोकांची पंचाईत होते. प्रदक्षिणाही नाही, होन्देनभोवती फिरता येईल अशी वाट क्वचितच असते. हाइदेनच्या आतल्या बाजूचे फोटो बहुतेक ठिकाणी मना आहेत, मेइजी जिंगूतही.

होन्देन: छप्पर वाचायला शिका

नमस्कार झाला की लोक परत फिरतात. तुम्ही कुंपणाच्या कडेनं बाजूला जा आणि वर पाहा. होन्देनचं छप्पर तेवढं दिसतं, आणि तेवढं पुरेसं असतं. पहिला प्रश्न: दार छपराच्या उताराखाली आहे, की त्रिकोणी तोंडाच्या बाजूला? दुसरा: पुढचा आणि मागचा उतार सारखा आहे का?

दार उताराखाली आणि पुढचा उतार लांब होऊन पायऱ्यांवर आलेला असेल तर ती नागारे शैली. देशातली निम्म्याहून जास्त देवस्थानं अशीच आहेत, मेइजी जिंगूचं होन्देनही, त्यामुळे ही एक शैली ओळखता आली की बरंच साधतं. पुढचा उतार कशासाठी वाढवला ते उघड आहे: पायऱ्या आणि पूजा करणारी माणसं पावसात भिजू नयेत. क्योतोजवळ उजी गावात उजिगामी जिन्जाचं होन्देन याच शैलीतलं, अकराव्या शतकातलं, आणि जपानमध्ये टिकलेल्या जिन्जा-इमारतींत सर्वांत जुनं.

इझुमो ताइशात दार त्रिकोणी तोंडाच्या बाजूला आहे आणि तेही मधोमध नाही, उजवीकडे सरकवलेलं. कारण आत नऊ खांब तीन-तीनच्या ओळीत आहेत आणि मधला जाड खांब वाट अडवतो. देवाचं आसन आतल्या कोपऱ्यात, पश्चिमेकडे तोंड करून. भाविक दक्षिणेला उभा असतो, म्हणजे देव त्याच्याकडे पाहतच नसतो. म्हणून जाणकार लोक समोर नमस्कार करून मग पश्चिमेच्या बाजूला जातात आणि तिथून पुन्हा नमस्कार करतात. आत्ताचं होन्देन १७४४चं, २४ मीटर उंच.

नाराच्या कासुगा ताइशात चार छोटी लाल होन्देनं एका रांगेत आहेत, प्रत्येकाच्या पुढे छत जोडलेलं. उसा जिंगूत पुढे-मागे दोन इमारती आणि दोन छपरं जिथे भेटतात तिथे मोठी पन्हळ. निक्कोच्या तोशोगूत, १६३६च्या, पूजाशाळा आणि गाभारा मधल्या खोलीनं जोडून एकच इमारत केली आहे आणि ती कोरीवकाम, रंग, सोन्यानं मढवली आहे. निक्को पाहून सगळी शिंतो वास्तुकला अशीच असते असं समजू नका. ती एका शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, समाधीची भव्यता आहे.

छपराच्या दोन्ही टोकांना आकाशात गेलेली फुलीसारखी लाकडं चिगी, आणि आढ्यावर आडवे ठेवलेले ओंडके कात्सुओगी. चिगी आडवी कापलेली असेल तर देवी, उभी कापलेली असेल तर देव, असं मार्गदर्शक सर्रास सांगतात. इसेच्या बाह्य देवस्थानातली तोयोउके ही देवी आहे आणि तिथली चिगी उभी कापलेली आहे. तेव्हा हा नियम डोळे झाकून लावू नका.

आता छपराचं आच्छादन. जुनं उत्तम काम म्हणजे हिवादाबुकी, हिनोकी (जपानी सायप्रस) झाडाच्या सालीचं छप्पर. सत्तरेक वर्षांच्या जिवंत झाडाची साल सोलतात. झाड मरत नाही. पहिली साल खडबडीत म्हणून वापरत नाहीत. आठ-दहा वर्षांनी नवी साल येते ती कामाची. तिचे पातळ थर एकावर एक, एक-दीड सेंटिमीटर सरकवत, बांबूच्या खिळ्यांनी ठोकतात. कडेला हा थर हातभर जाड दिसतो. असं छप्पर तीस-चाळीस वर्षं टिकतं आणि मग पूर्ण काढून नवं घालावं लागतं. साल सोलणारे कारागीर कमी झाले की छप्पर थांबतं. हे कौशल्य, लाकडी वास्तूंच्या जतनाच्या इतर कौशल्यांसह, युनेस्कोनं २०२०मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आगीची भीती असलेल्या शहरांत तांब्याचा पत्रा वापरतात. मेइजी जिंगूचं मूळ १९२०चं मुख्य बांधकाम १९४५च्या हवाई हल्ल्यात जळालं. १९५८मध्ये पुन्हा बांधताना छपरावर तांबं घातलं. जुन्या पत्र्यावर हिरवट दिसतो तो तांब्याचा गंज, तोच पत्र्याला जपतो.

इसे: दर वीस वर्षांनी नवं

शिंतो वास्तुकला मुळापासून समजून घ्यायची असेल तर एकदा इसे जिंगूला जाच. लहान-मोठी १२५ देवस्थानं मिळून हे एक नाव. मुख्य दोन: सूर्यदेवता आमातेरासूचं आतलं (नाइकू) आणि अन्नदेवता तोयोउकेचं बाहेरचं (गेकू).

इथली शैली शिनमेइ. धान्य साठवायच्या उंच जोत्याच्या कोठारापासून ती आली. खांब थेट जमिनीत पुरलेले, खाली दगडी पाया नाही. हिनोकी लाकूड, रंग नाही, वर गवताचं शाकारलेलं छप्पर. अशी इमारत जपानच्या दमट हवेत फार टिकणार नाही हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शेजारी तेवढाच रिकामा चौक ठेवतात आणि दर वीस वर्षांनी तिथे हुबेहूब नवं देवस्थान बांधून देवाला रात्री तिकडे नेतात. पहिलं स्थलांतर ६९०मध्ये, सम्राज्ञी जितोच्या काळात. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत ते शंभरहून जास्त वर्षं खंडित झालं, पुन्हा सुरू झालं. बासष्टावं २०१३मध्ये झालं, त्रेसष्टावं २०३३मध्ये आहे आणि त्याचे आरंभीचे विधी २०२५मध्ये सुरू झाले.

वीस वर्षांचा काळ सुताराच्या हिशोबानं फार नेमका बसतो. तरुणपणी हाताखाली काम केलेला माणूस पुढच्या खेपेला मुख्य कारागीर असतो आणि त्यानंतरच्या खेपेला सांगणारा म्हातारा. देवाच्या वस्तूही नव्या करतात: वस्त्रं, तलवारी, खोगीर, आरसे, ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू. जुनं लाकूड वाया जात नाही. नाइकू आणि गेकूच्या गाभाऱ्यांच्या आढ्याला टेकू देणारे मोठे खांब तासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरी होतात, वीस वर्षांनी त्याच तोरी दुसऱ्या गावी जातात. जगभर जुनी वास्तू म्हणजे जुने दगड असं धरतात. इथे लाकूड नवं आणि रीत जुनी, आणि हे दुसऱ्या कुठल्याही जतनापेक्षा कमी नाही.

जाण्याचा क्रम: आधी गेकू, मग नाइकू. इसेशी स्टेशनपासून गेकू पायी पाच-सात मिनिटं. तिथून नाइकूला बस. गेकूत वाटेच्या डाव्या कडेनं, नाइकूत उजव्या कडेनं चाला. नाइकूत चोझुयाऐवजी इसुझु नदीच्या काठी उतरून हात धुता येतात. शेवटच्या पायऱ्यांवर कॅमेरा बंद. चार कुंपणांपलीकडे फक्त आढं, सोनेरी टोकं आणि दहा कात्सुओगी दिसतात (गेकूत नऊ). रिकामा शेजारचा चौकही पाहायला विसरू नका. त्यात एक छोटी लाकडी खोपी असते, तिच्याखाली मधल्या खांबाची जागा जपलेली असते. चिठ्ठीतलं भविष्य, ओमिकुजी, इसेत मिळत नाही. शोधत बसू नका.

कार्यालयाच्या खिडकीत

बहुतेक देवस्थानांत पूजेनंतर लोक खिडकीपाशी रांग लावतात. गोशुइन म्हणजे त्या जागेचा लाल शिक्का आणि शाईनं लिहिलेलं नाव-तारीख, साधारण ५०० येन. आधी पूजा, मग गोशुइन. त्यासाठी खास वही लागते. तीही तिथेच मिळते. हवं ते पान उघडून द्या, सुटे पैसे तयार ठेवा. साध्या डायरीत मागितलं तर नकार मिळतो. ओमिकुजी वाईट निघाली तर तिथल्या दोऱ्यांना किंवा तारांना बांधून या, झाडाच्या फांदीला नको. मेइजी जिंगूच्या ओमिकुजीत शुभ-अशुभ नसतंच, सम्राट किंवा सम्राज्ञीची कविता असते. एमा या लाकडी पाटीवर मागणं मराठीत लिहिलं तरी चालतं, पण पूर्ण पत्ता आणि फोन नंबर लिहू नका, ती सगळ्यांसमोर टांगलेली असते. ओमामोरी ही ताईताची पिशवी उघडायची नसते. वर्षानं त्याच देवस्थानात परत देतात.

नवं बाळ, नवं घर, नवी गाडी यासाठी आत बसून विधी करून घेता येतो. तो बऱ्याच ठिकाणी ५,००० येनपासून असतो. नाव काताकाना या जपानी लिपीत लिहून न्या, पुजारी ते मोठ्यानं उच्चारतात आणि चुकलं की नंतर दुरुस्त करता येत नाही. शेवटी साकाकी या पवित्र मानलेल्या सदाहरित झाडाची फांदी हातात देतात: उजव्या हातानं देठ वरून, डाव्या हातानं पानं खालून धरा. मेजापाशी आधी पानं देवाकडे करून क्षणभर थांबा, मग घड्याळाच्या दिशेनं फिरवून देठ देवाकडे ठेवा. नंतर दोन नमस्कार, दोन टाळ्या, एक नमस्कार. मोजे फाटके नसावेत.

घरात कुणी गेलं असेल तर पन्नास दिवस जिन्जात जात नाहीत. ही सुतकाचीच कल्पना आहे. जपानी सहकारी त्या काळात नववर्षाच्या दर्शनाला येत नसेल तर आग्रह करू नका.

कधी जावं

नववर्षाचे पहिले तीन दिवस जिन्जा पाहायचे नाहीत, गर्दी पाहायची. मेइजी जिंगूत त्या काळात सुमारे ३० लाख लोक येतात. १५ नोव्हेंबरच्या आसपास तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं किमोनो घालून आलेली दिसतात. ३० जूनला गवताचं मोठं कडं उभारतात. त्यातून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं आठ आकड्यासारखं चालत अर्ध्या वर्षाचं मालिन्य झाडतात. परक्यालाही त्यात मोकळेपणानं भाग घेता येतो. जूनमध्ये मेइजी जिंगूच्या आतल्या बागेत आयरिस फुलतात. तिला वेगळं तिकीट आहे.

एक इतिहास ठाऊक असू द्या. १९४५पर्यंत जिन्जा ही सरकारी व्यवस्था होती आणि सम्राटभक्ती, युद्ध यांच्यासाठी तिचा वापर झाला. त्या डिसेंबरात दोस्त राष्ट्रांच्या हुकमानं तो संबंध तोडला गेला. आज देशात सुमारे ८० हजार जिन्जा आहेत आणि त्या स्वतंत्र धार्मिक संस्था आहेत. सम्राट, युद्ध, यासुकुनी (युद्धात मेलेल्यांचं टोकियोतलं जिन्जा) हे विषय निघाले तर ऐकून घ्या. आवारात वाद घालू नका.

मोठी देवस्थानं झाली की आपल्या घराजवळचं लहान जिन्जा शोधा. फलकावर वार्षिक उत्सवाची तारीख असते. त्या दिवशी देव मिकोशी या पालखीतून बाहेर येतो आणि खांदे कमी पडत असल्यानं शेजारपाजारचे लोक नवख्यांना बहुधा आनंदानं घेतात. वस्तीच्या मंडळात महिनाभर आधी नाव द्या. अंगरखा ते देतात, मऊ तळव्याचे बूट आपले आपण आणायचे. खांदा देताना शेजारच्याची उंची तुमच्याइतकीच आहे ना ते पाहा. उंच माणसाच्या खांद्यावर सगळा भार येतो, बुटक्याच्या खांद्याला दांडा टेकतच नाही आणि पालखी कलते.